बसलेला माणूस

खानझोडे सरांच्या ऑफिसात नवा आर्किटेक्ट रुजू झाला, की त्याला कॉम्प्युटर नंतर मिळायचा, आधी कातर मिळायची. जाड पांढऱ्या कागदातून त्यानं एक माणूस कापायचा, बोटाच्या पेराएवढा. कुठलाही माणूस चालत नसे. नावगाव असलेला, आपल्या घरचा हवा. मग ऑफिसातून जे जे मॉडेल बाहेर जाई, शाळेचं, कोर्टाचं, बसस्थानकाचं, त्यात प्रत्येकानं आपापला माणूस नेऊन ठेवायचा आणि मगच त्यावर काचेचं झाकण बसायचं. "ह्या माणसाला इथं कुठं ऊन लागतं, कुठं धक्का बसतो, ते आधी मला सांगा. भिंतींचं मग बघू," असं सर म्हणत. नागपुरातले बाकीचे आर्किटेक्ट ह्या प्रकाराला खानझोड्यांची भातुकली म्हणत. पण सरकारी इमारतींची कामं ह्या भातुकलीलाच मिळत, म्हणून हसणारेही जरा बेतानंच हसत.

मैथिली उरकुडेनं पहिल्या दिवशी आपले बाबा कापले. मांडी घालून बसलेले, पुढ्यात जेवणाचा डबा. बाकी सगळ्यांची माणसं उभी किंवा चालणारी होती, बसलेला हा एकटाच. सरांनी तो तळहातावर घेऊन निरखला आणि म्हणाले, "हा शहाणा आहे. उभ्या माणसांना डिंक लावावा लागतो, तरी पडतात. बसलेला कशाला पडतोय?" तेव्हापासून तो बसलेला माणूस विदर्भातल्या निम्म्या सरकारी इमारतींच्या मॉडेलांतून फिरून आला.

खरे दौलत उरकुडे चंद्रपूरच्या कोळसा खाणीत सुरुंग लावायचं काम करीत. एका सुरुंगानं त्यांच्या डाव्या कानाचा निकाल लावला. ऐकू कमी येणं हे त्यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं तोलाचं. कानाच्या आत खोलवर पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात. डोकं कललं की ते पाणी हलतं आणि आपण कुठं झुकलोय ते मेंदूला कळतं, गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा सांगतो तसंच. दौलतरावांची एका बाजूची लेव्हल फुटली होती. फलाटावर गाडी येताना जमीन थरथरली की ते जवळच्या खांबाला मिठी मारत आणि आजूबाजूची पोरंटोरं हसत. लहानपणी मैथिलीला त्या मिठीची लाज वाटे. मोठी झाल्यावर लाज वाटली ती फलाटाची.

तिची निश्चल फरशी त्या मिठीतून निघाली. प्रत्येक लादीखाली हवेच्या चार रबरी उशा आणि एक सेन्सर. गाडी लांब असतानाच तिची थरथर रुळांतून जमिनीत उतरते. सेन्सरला ती कळते आणि उशा तेवढ्याच जोरानं उलट्या बाजूला हलतात. एकानं डावीकडून ढकललं आणि दुसऱ्यानं तेवढंच उजवीकडून, तर मधला माणूस जागचा हलत नाही, इतकी साधी गोष्ट. लादीवर वजन आहे की नाही आणि ते चालतंय की थांबलंय, हेही लादीला कळावं लागे, कारण थांबलेल्या माणसाला आधार जास्त लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढं जो काही घात झाला तो ह्या गोष्टीवरच बेतलेला आहे.

त्या वर्षांमध्ये चंद्रपुरात पारा पन्नाशीला टेकू लागला होता. दुपारी वीज जायची, आणि पत्र्याच्या घरांतून माणसं उचलून दवाखान्यात न्यावी लागायची. फार माणसं गेल्यावर सरकारला जाग आली आणि आसरा कायदा झाला. उन्हाळ्याच्या दुपारी कुठल्याही थंड सार्वजनिक इमारतीत शिरलेल्या माणसाला कोणी हटकायचं नाही, तिकीट विचारायचं नाही, बाहेर काढायचं नाही. जटपुरा गेटजवळ नव्या शहरी रेल्वेचं स्टेशन उभं राहिलं ते ह्याच कायद्याखाली. खालचं मोठं दालन गारेगार, वर फलाट, आणि सगळीकडे मैथिलीची फरशी.

मार्चात गाड्या सुरू झाल्या. रीतसर लोकार्पण बाकी होतं, कारण पालकमंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. आपल्याकडे इमारत आधी वापरून जुनी होते, मग तिची फीत कापतात. दौलतराव पहिल्या आठवड्यापासून रोज दुपारी दालनात जाऊ लागले. बायको गेल्यापासून ते चंद्रपूरच्या घरात एकटेच राहत. दालनात शब्बीरभाई, मेश्राम मास्तर आणि लटारू चाहारे हे खाणीपासूनचे दोस्त जमत आणि चौघांचा पत्त्यांचा डाव, मेंढीकोट, रंगे. लटारू दौलतरावांचा भिडू. संध्याकाळी मैथिलीला नागपूरला फोन यायचा.

"आज गाडी गेली डोक्यावरून, अन् मी पत्ते पिसत होतो. कायी कळलं नाई मले," बाबा सांगायचे. "मास्तरले म्हटलं, हे माह्या पोरीनं केलं."

एप्रिलमध्ये फोन कमी झाले. मैथिली तेव्हा नांदेडच्या कामावर होती. तिनं विचारलं की बाबा म्हणत, आज कंटाळा आला, आज मन नव्हतं. शेवटी एकदा म्हणाले, "बाई, माहा उजवा कान बी गेला वाटते. बसलो का गरगरते. उलटी होते का काय असं होते. तुही फरशी बेस हाये, कानच खराब हायेत आपले."

तिनं त्यांना नागपूरला आणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. उजवा कान ठणठणीत होता. डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय हे निदान सगळ्या दुखण्यांना चालतं. बाबा परत चंद्रपूरला गेले आणि दुपारी ओला पंचा अंगावर टाकून घरात पडून राहू लागले.

मेच्या मध्याला लटारू चाहारे आपल्या पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी, तापून मेले.

तेरवीला मैथिली चंद्रपूरला आली. पंगत उठल्यावर तिघं म्हातारे अंगणातल्या मांडवाखाली बसले होते. बोलणं लटारूवरच चाललं होतं.

"टेशनावर आला असता त वाचला असता," बाबा म्हणाले.

"येत नव्हता तो," मेश्राम मास्तर म्हणाले. "त्यानं मले सांगतलं होतं, कोनाले बोलू नको म्हने. तिथं बसलं का चक्कर येते, बीपी वाढली म्हने."

शब्बीरभाई खाली बघत म्हणाले, "मलाबी येत होती. मी म्हटलं, रोज्यांमुळे असेल. मग रोजे संपले, तरी येतच होती. तुमी हसाल म्हणून बोललो नाई."

"माही शुगर वाढली समजलो मी," मास्तर म्हणाले.

चौघांनी चार कारणं शोधली होती आणि चौघांनीही दोष आपल्याच अंगाला लावला होता. मैथिली हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग ताट ठेवलं, चप्पल पायात घातली आणि कोणाला न सांगता जटपुरा गेटला गेली.

दुपारची वेळ. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि आत एवढ्या मोठ्या दालनात बसलेलं एकही माणूस नव्हतं. लोक ये-जा करत होते, थांबत कोणी नव्हतं. दारातला रखवालदार अगदी अदबीनं "या ताई" म्हणाला. मैथिली मधोमध फरशीवर बसली. आधी काही नाही. मग पोटात काहीतरी जरासं सरकल्यासारखं झालं. मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळ गार पडलं, आणि उठून चार पावलं टाकावीत असं फार वाटू लागलं. ती उठली आणि चालली. लगेच बरं वाटलं. पुन्हा बसली, पुन्हा तेच.

तिनं पर्समधल्या डब्याचं झाकण काढलं, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं आणि झाकण लादीवर ठेवलं. वर गाडी नव्हती, आसपास कोणी चालत नव्हतं. आणि झाकणातलं पाणी ह्या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून ह्या काठावर, अगदी सावकाश हेलकावे खात होतं.

माणसाच्या शरीराला सगळ्यात नकोसा हेलकावा कोणता, हे जहाजावरच्या लोकांना कधीचंच माहीत आहे. जोराचा नव्हे, संथ. पाच सेकंदांत एक. डोळे सांगतात जमीन स्थिर आहे, कान सांगतो हलते आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळून निघतं. चालणाऱ्याला काही जाणवत नाही, कारण त्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का त्या हेलकाव्याहून मोठा असतो. जी फरशी थरथर मारायला बनवली, तिलाच कोणीतरी थरथरायला शिकवलं होतं. तेही सगळ्यांसाठी नाही. जिथं वजन बराच वेळ थांबलंय, तेवढ्याच लाद्यांना. गाडीची वाट बघणारा सुटायचा, आसऱ्याला आलेला बरोबर सापडायचा. कायद्यानं कोणी हाकलायचं नाही ना? मग कोणी हाकलत नव्हतं.

मैथिलीनं ते पाणी फरशीवरच ओतून दिलं. इतकी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती कोणावर काढावी तेही कळत नव्हतं, कारण फरशी तिचीच होती. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कुठी गेलती?" तिला सांगता आलं नाही. ज्या बापासाठी फरशी केली, त्यालाच ती फरशी रोज उठवून लावत होती, आणि त्याचा भिडू त्यात गेला, हे मुलीनं बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? जरा पाय मोकळे करून आले, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"सर, जटपुऱ्याची फरशी कोणी बदलली?"

खानझोडे सरांनी चष्मा काढला. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. "बस आधी," ते म्हणाले.

"तिथं बसता येत नाही, म्हणून तर आलेय."

"स्टेशन चालवणाऱ्या कंपनीचे सबनीस आले होते. दालनात दुपारी झोपतात, डबे खातात, लेकरं रांगतात. गाळे घ्यायला एकही दुकानदार तयार नाही. ते म्हणाले, असंच चाललं तर स्टेशन दुपारी बंद ठेवू. बंद इमारतीला आसरा कायदा लागू नाही. म्हणून मी त्यांना फरशी बदलू दिली. दुसरं काय करायला हवं होतं?"

"मला विचारायला हवं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस." सर चष्मा पुसू लागले. "आणि झालंय काय, मैथिली? कोणाला लाठी मारली? कोणाच्या दंडाला धरलं? थोडी अस्वस्थता. माणूस आपल्या पायांनी उठून जातो."

"लटारूकाका आपल्या पायांनी उठून गेले आणि पत्र्याखाली भाजून मेले."

"कोण लटारू?" सरांचा चेहरा उतरला. तिनं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

"कोणाला माहीतच होऊ नये, अशीच तर सोय केलीय तुम्ही. लाठी मारली असती तर माणूस ओरडला तरी असता. इथं तो घरी जाऊन बीपीची गोळी घेतो."

केबिनच्या कोपऱ्यात जटपुरा स्टेशनचं मॉडेल काचेखाली होतं. मैथिलीनं झाकण उचललं. दालनात सगळ्यांची माणसं होती. सरांची आईसुद्धा होती, काठी टेकून उभी. मांडी घातलेला माणूस नव्हता.

"बसलेले दिसायला नकोत, असं कंपनीचं म्हणणं पडलं," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी खण उघडून कागदी माणूस बाहेर काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"काठी टेकलेल्या तुमच्या आईला ह्या दालनात किती वेळ उभं राहता येईल, सर? आधी ते सांगा, भिंतींचं मग बघू."

सरांनी काचेचं झाकण मॉडेलवर परत बसवलं. मग ते म्हणाले, "पालकमंत्र्यांची तारीख मिळालीये. पुढच्या आठवड्यात लोकार्पण आहे. ते पार पडू दे. मग मी स्वतः सबनीसांशी बोलतो, शब्द देतो तुला. तेवढ्या दिवसापुरती फरशी स्थिर ठेव. तुझ्याशिवाय ते नीट कोणाला जमायचं नाही."

मैथिलीनं आधी सरळ मार्ग करून पाहिला. आसरा कायद्याच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हाकललं कोणी? नाव?" मैथिली म्हणाली, "फरशीनं." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या पायऱ्या उतरताना तिनं ठरवलं. फरशी आज बंद केली तर कंपनी उद्या चालू करील, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. तर मग जळू दे. समारंभाला ती काही बिघडवणार नव्हती, काही जोडणार नव्हती. फक्त बंद करायचं ते करणार नव्हती.

बाबांना तिनं समारंभाचं सांगितलंच नव्हतं, पण त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. "तुले हार घालतीन," ते म्हणाले. "गरगरलं त गरगरलं. मागं बसतो मी." येताना शब्बीरभाई आणि मास्तरांनाही घेऊन आले. डोक्याला पांढरे दुपट्टे बांधून तिघं शेवटच्या रांगेत बसले.

मंत्री यायला उशीर झाला, जसा व्हायला हवा तसाच. दालन खुर्च्यांनी भरलेलं, कार्यकर्ते, अधिकारी, कंपनीची मंडळी, सगळी एका जागी बसून. अशा समारंभात माणूस हलत नाही. हलला तर खुर्ची जाते. मंत्री आले, राज्यगीत झालं, राष्ट्रगीत झालं, समई लागली, भाषणं सुरू झाली.

मैथिली मंचाच्या कडेला पाय हलते ठेवून बघत होती. पहिल्यांदा सबनीसांनी टायची गाठ सैल केली. मग जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी, फोन वाजला नसताना, फोन कानाला लावून बाहेर गेले आणि तिकडेच फेऱ्या मारू लागले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून आवळा सुपारी काढून तोंडात टाकली. एक कार्यकर्ता दुसऱ्याला म्हणाला, सकाळची पोह्यांवरची तर्री बाधली. प्रत्येकजण आपापल्या पोटाला दोष देत होता आणि शेजाऱ्यापासून लपवत होता. तेरवीच्या मांडवाखाली जे तिनं ऐकलं होतं, तेच इथं भारी कपड्यांत बसलं होतं. मंत्री बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी दोन्ही हातांनी समोरचं टेबल घट्ट धरलं. भाषण आटोपतं घेऊन ते बसले आणि घाम पुसू लागले.

खानझोडे सरांना सगळं कळून चुकलं होतं. आता बोलायची पाळी त्यांची होती. ते उठले, माइकपर्यंत आले, आणि तोंडावर रुमाल दाबून बाजूला झाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि विनवणीही.

मैथिली माइकसमोर गेली.

"कोणी घाबरू नका," ती म्हणाली. "तुमचं पोट बिघडलेलं नाही. तुमच्या पुढ्यातल्या ग्लासांमधल्या पाण्याकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. मंचावरच्या सगळ्या ग्लासांमधलं पाणी एकाच संथ तालावर डावी-उजवीकडे जात होतं.

"ही फरशी मी केली. ती स्थिर राहावी म्हणून केली. नंतर तिला हे शिकवलं गेलं. जो इथं बसेल, थांबेल, त्याला मळमळेल आणि तो आपणहून उठून जाईल. आसरा कायद्यात हाकलता येत नाही ना, म्हणून." तिचा आवाज चढला. "इथं रोज दुपारी म्हातारी माणसं बसायची. ती सगळी एकेक करून गेली. प्रत्येकाला वाटलं, आपलाच कान गेला, आपलीच बीपी वाढली. त्यातले लटारू चाहारे घरी मेले. त्यांना काहीही झालेलं नव्हतं."

तोंड मंत्र्यांकडे होतं, पण ती बोलत होती शेवटच्या रांगेशी. तिथं बाबा उठून उभे राहिले होते. दालन इतकं गप्प झालं होतं की त्यांचा आवाज मंचापर्यंत आला.

"म्हंजे माहा कान नाई?"

"नाही बाबा."

"अन् लटारूची बीपी?"

"नाही बाबा."

मैथिलीनं मान वळवून मंत्र्यांकडे पाहिलं. आता त्यांना राग येईल, ते सबनीसांना फैलावर घेतील, निदान लाजेनं खाली तरी बघतील, असं तिला वाटलं होतं. मंत्री ग्लास डोळ्यांसमोर धरून पाण्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकले होते.

"म्हणजे पोलीस नको, लाठी नको, पाण्याचा फवारा नको," ते शेजारच्या सबनीसांना हलक्या आवाजात म्हणाले. "माणूस आपणहून उठतो. आणि वर त्याला वाटतं, आपलीच तब्येत."

"तसंच आहे, साहेब," सबनीस रुमालातून म्हणाले.

"कलेक्टर कचेरीच्या समोर अशी फरशी बसवून द्याल का? तिथं रोज कोणी ना कोणी उपोषणाला बसलेलं असतं."

मैथिली हातभर अंतरावर उभी होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणे. जळलं खरं, आणि कळलंही, पण भलतंच कळलं. निर्लज्जम् सदासुखी, दुसरं काय. मंत्री उठले, हात जोडले, आणि माणसांच्या घोळक्यातून चालत चालत बाहेर पडले. चालताना त्यांना बरंही वाटलं असणार. त्यांच्यामागे अधिकारी गेले, कंपनी गेली, कार्यकर्ते गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या. फरशीनं आपलं काम चोख केलं होतं.

माणसं दाराकडे जात असताना तीन म्हातारे उलट्या दिशेनं पुढं येत होते. मंचासमोरची मोकळी जागा बघून बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, फरशीवर अंथरला आणि मांडी घालून बसले. दोन्ही बाजूंना शब्बीरभाई आणि मास्तर बसले. रखवालदार पुढं आला आणि थबकला. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. हात लावावा लागू नये, म्हणून तर एवढा सगळा खटाटोप होता.

मैथिली धावत मंचावरून उतरली. बाबांचे ओठ पांढरे पडले होते, घामानं गळा भिजला होता. दुपट्ट्याचं एक टोक तोंडाला लावून ते ओकले, तोंड पुसलं, आणि पुन्हा ताठ बसले. तिनं फोन काढला.

"बाबा, बंद करते. एक मिनिट."

"राहू दे." त्यांनी तिचं मनगट धरलं. "तू बंद करशीन, ते उद्या चालू करतीन. ज्याईनं चालू केली त्याईलेच बंद करू दे. तोवर आमी हाओत इथं."

"तुम्हाला सहन होणार नाही."

"आतापर्यंत माहं डोकं फिरते म्हणून उठत होतो," बाबा म्हणाले. "आता समजलं, हे फरशी फिरते. मंग मी काऊन उठू?"

खानझोडे सर मागंच राहिले होते. ते मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. थांबले की त्यांना उमासा यायचा आणि ते पुन्हा चालू लागायचे. "मैथिली, बंद कर ते," ते चालता चालताच म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांचे हाल होताहेत."

मैथिलीनं पर्समधून कागदी माणूस काढला आणि बाबांच्या पुढ्यात लादीवर ठेवला. लादी हेलकावत होती. बसलेला माणूस पडला नाही.

"कंपनीला फोन लावा, सर," ती म्हणाली. "इथं थांबून लावा. चालता चालता नको."

सर थांबले. फोन हातात घेतला, कागदी माणसाकडे पाहिलं. मग तोंडावर रुमाल गेला, आणि ते पुन्हा चालू लागले. चालत चालत दारापर्यंत गेले, आणि दाराबाहेर गेले.

शब्बीरभाईंनी खिशातून पत्ते काढले. एकदा उठून खांबामागं जाऊन ओकून आले आणि परत जागेवर येऊन बसले. मग पत्ते पिसून त्यांनी सवयीनं चार वाटे केले. चौथ्या वाट्याकडे तिघंही थोडा वेळ बघत राहिले. तो बाबांच्या समोरचा होता, भिडूचा.

मैथिलीनं चप्पल काढली, त्या जागी मांडी घातली आणि पत्ते उचलले.

"येते का तुले?" बाबांनी विचारलं.

"शिकवा," ती म्हणाली. तिच्या पोटात पहिला हेलकावा सरकला.